पाच बटणं

मास्तरांनी चाळीस वर्षं सरकारी कारखान्यात गणवेश शिवले, आणि म्हातारपणी त्यांना स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येईना. हात इतके थरथरत की काजापाशी पोचेपर्यंत बटण निसटून जाई. म्हणून पेन्शनबरोबर मदतनीस भत्ता मिळू लागला, आणि तो मिळाला तशी त्यांच्या बायकोने दोन घरची धुणीभांडी सोडली. तीच मदतनीस. सकाळी बटणं लावायची, आणि वर "उभे राहा नीट, गिऱ्हाईक फार हलतंय" म्हणून चिडवायचीसुद्धा.

तीन वर्षांनी पत्र आलं. भत्ता चुकून दिला गेला आहे, एक लाख बारा हजार परत करा, नाहीतर पेन्शनमधून कापून घेऊ. का, तर दरवर्षीच्या फॉर्मात 'प्रकृती कशी आहे' या प्रश्नापुढे मास्तरांचं उत्तर होतं, उत्तम. तिन्ही वर्षं.

"कुणी विचारलं तर उत्तमच म्हणतो ना माणूस! परक्यापुढे कसलं रडगाणं गायचं?" मास्तर म्हणाले.

"अहो, तो फॉर्म होता, पाहुणा नव्हता."

पण मास्तरांनी सांगितलं तसं लिहिलं होतं तिनेच, त्यामुळे तिला फार बोलता येईना.

सुनावणीची तारीख लागली. तिने आठ दिवस आधीपासून पढवलं. "हात दाखवा. थरथरू द्या. बटणं मी मुद्दाम उघडी ठेवते. आणि एकदा तरी तोंडाने म्हणा, मला जमत नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. पण सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला! ज्या साहेबांचे गणवेश आपण शिवले, त्यांच्यापुढे छाती उघडी टाकून जायचं? सुनावणीच्या सकाळी ती दुकानात गेली आणि रांगेत अडकली. इकडे मास्तर खिडकीपाशी बसले. कारखान्यात कडक कापडाला करायचे तसा त्यांनी काजातून दोऱ्याचा फास घातला आणि एकेक बटण ओढून घेतलं. दीड तास लागला. घामाने शर्ट भिजला, पण पाचही बटणं लागली. ती आली तेव्हा निघायची वेळ झाली होती, आणि बटणं पुन्हा उघडू द्यायला मास्तर तयार होईनात.

आत एकट्यालाच सोडत होते. टेबलापलीकडच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मास्तरांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, शर्टाकडे पाहिलं.

"बटणं कुणी लावली, आजोबा?"

मला जमत नाही, हे वाक्य मास्तरांच्या जिभेवर तयार होतं. पण सकाळपासूनच्या त्या कष्टाची कुणीतरी विचारपूस करत होतं.

"मीच लावली," ते म्हणाले. "पाचही."

बाईंनी लिहून घेतलं. किती वेळ लागला ते त्यांनी विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाहेर त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच बायकोला सगळं कळलं. घरी येईपर्यंत ती चार पावलं पुढेच चालत राहिली. ती ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

निकाल आला. भत्ता बंद, पेन्शन निम्मी. वर अपील करता येईल, पण दोन-तीन वर्षं सहज जातील, असं खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं. मास्तर तेव्हा ऐंशीचे होते.

एकाहत्तराव्या वर्षी बायकोने ती दोन घरं पुन्हा धरली. साडेपाचला निघायचं, म्हणून पाचलाच मास्तरांना उठवून ती बटणं लावते. आता चिडवत नाही, तेवढा वेळच नसतो. परवा घाईत दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं आणि पुढची सगळी ओळ चुकली. चाळीस वर्षं पट्टीने रेघा मारलेला माणूस संध्याकाळपर्यंत वाकडा शर्ट घालून खुर्चीत बसून राहिला. दोऱ्याचा फास त्याने चार वेळा करून पाहिला. जमलं नाही.

त्याच दुपारी शेजारी दारात डोकावला होता. "काय मास्तर, कसे आहात?"

मास्तरांनी छातीवर हात ठेवून वाकडी पट्टी झाकली. हात थरथरत होता.

"उत्तम," ते म्हणाले.