इंजेक्शननंतरचा अर्धा तास

चहा घ्या, मग माझा शहाणपणा सांगतो. हसायचं तेवढं हसा, पण गावभर करू नका.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं दिवाणजी होतो. एक शिंक न्हाय. रिटायर होऊन बेळगावात खासबागेला आलो, बायको गेली, आणि घरातल्या साध्या धुळीनं शिंका सुरू झाल्या. सकाळी उठलं की वीस-पंचवीस. "काय झालं हो?" म्हणायला घरात कोण न्हाय.

डॉक्टर म्हणाले, इम्युनोथेरपी करू. म्हणजे ज्याची ॲलर्जी, त्याचंच थोडं थोडं इंजेक्शन, दर आठवड्याला. टोचलं की अर्धा तास तिथंच बसायचं. अंगावर काही उठतंय काय, श्वास लागतोय काय, ते बघतात.

लोक त्या अर्ध्या तासाला वैतागतात. मी मंगळवारची वाट बघायचो. तिथली नर्स शांताक्का दर दहा मिनिटांनी विचारायची, "आप्पा, बरं वाटतंय न्हवं?" आठवड्यात मला एवढं विचारणारं दुसरं कोण होतं, सांगा बघू?

गेल्या महिन्यात डॉक्टर लई खूश. "आप्पा, शिंका थांबल्या. आता महिन्यातनं एकदाच या." माझं तोंडच उतरलं. बरं झाल्याचं वाईट वाटलेला पेशंट त्यांनी बघितला नसंल.

टोचून घेऊन बाहेर बसलो आणि डोकं चालवलं. काहीतरी होतंय म्हटलं, तर आठवड्यालाच बोलावतील.

"आक्का, घशात खाजल्यागत होतंय."

एवढंच म्हणालो हो. आक्का हातातला चहा टाकून धावली. मी आडवा, पाय उशीवर, दंडाला बीपीचा पट्टा. डॉक्टर दुसरा पेशंट सोडून आले. "श्वास लागतोय?"

आता न्हाय कसं म्हणायचं? म्हटलं, "थोडा."

लगेच मांडीत दुसरं इंजेक्शन, रिॲक्शन थांबवायचं. मग मात्र छाती खरीच धडधडायला लागली.

"घरच्यांना बोलवा," डॉक्टर म्हणाले.

आक्कानं माझा फॉर्म काढला आणि टेबलावरच्या फोनवरनं नंबर लावला. एकदा, दोनदा, तीनदा. "कोण बोलत बसलंय घरात? सारखा एंगेज लागतोय."

डॉक्टरांनी फॉर्म हातात घेतला. "आप्पा, हा तर आपल्या दवाखान्याचाच नंबर."

काय सांगणार? पोरगी ऑस्ट्रेलियात. फॉर्म भरताना म्हणाले, जवळच्या माणसाचा नंबर गावातलाच पाहिजे. लई आठवलं, कोण सुचंना. समोर भिंतीवर एक नंबर होता, तो लिहिला.

"बोलवायचं कशाला, डॉक्टर?" मी पडल्या पडल्या म्हणालो. "तुम्ही सगळी आलाय की."