सहा डब्यांतले तीन

बोईसर-तारापूरच्या अख्ख्या वसाहतीत माझ्या भाडेकरूइतका हुशार माणूस झाला नाही, आणि इतका येडाही. रंगाच्या कारखान्यात तो कंप्युटर चालवायचा आणि सालवडला माझ्या मागच्या खोलीत राहायचा. यादी दिसली की तिच्यातल्या वस्तूंच्या जुळण्या लावल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. नाक्यावरच्या गाडीवाल्याकडे खायच्या पाच जिनसा. त्यातल्या दोन-दोन घेतल्या तर दहा नाश्ते होतात, हे त्यानं लिहून गाडीवरच चिकटवलं. "आज सातवा दे," म्हणायचा. गाडीवाला वैतागायचा, "साब, सातवाँ मतलब वडा कि भजिया?"

माझी बायको दातिवऱ्याची. माशाच्या कालवणात ती फळीवरच्या मसाल्याच्या सहा डब्यांतले तीनच उघडायची. कुठले तीन, हे मी मेल्यानं पस्तीस वर्षांत विचारलं नाही. ती गेली आणि माझ्या हातच्या कालवणाला ती चव काही येईना. हे एकदा भाडेकरूला बोललो, तर गडी ताडकन उठला. "काका, एकही जुळणी सुटणार नाही! प्रत्येक डबा म्हणजे एक ऑब्जेक्ट, माणसासारखा. त्याला स्वतःचं नाव ठाऊक. प्रोग्रामनं नुसती हाक मारायची, की हजर."

"माणसं हाक मारून येत नाय रे," मी म्हटलं.

पण सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन त्यानं सगळ्या जुळण्यांची यादी छापून आणलीच. कडेला भोकं असलेला कागद, दारापासून मोरीपर्यंत. एकशेवीस जुळण्या! मी चौथी नापास, पण चष्मा लावून वाचलं. "हितं धने-जिरं-मिरी, खाली मिरी-जिरं-धने. डबे तेच ना? वाटायचं तर एकत्रच." त्यानं कपाळावर हात मारला आणि चक्क माझ्या पाया पडला. दुसऱ्या खेपेला वीसच आल्या.

मग रोज एक. मी रांधायचो, तो समोर बसून विचारायचा, "काका, हीच?" मी "नाय" म्हटलं की फुली. मेथी-ओवा-मिरीचं कालवण कुत्र्यानंही हुंगलं नसतं. हा ताट पुसून जेवला. "काकूंचं नाही, पण वाईट नाही," म्हणाला. पस्तीस वर्षांत मी हिला एवढंही बोललो नव्हतो.

एकोणीस फुल्या झाल्या. विसाव्या दिवशी मासळी आणली, डबे काढले, आणि हात पुढे जाईना. हेही नसलं तर? एक ओळ सुटली तर ज्याचा जीव कासावीस व्हायचा, त्यानंच तिन्ही डबे उचलून फळीवर ठेवले. "काका, ही राहू दे. आज नुसतं हळद-तिखट-मीठ."

पुढे तो कारखाना सोडून गेला. कागद अजून डब्यांखाली आहे, शेवटच्या ओळीला फुली नाही. खोली मी दुसऱ्या कुणाला दिली नाही. आला कधी, तर दोघं मिळून रांधू म्हणतो.