बाकावरची शिकवणी

मावशींचं काम सांगायला सोपं होतं. आलेल्या मुलाला बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं, रडलं तर समजूत काढायची आणि हाक आली की आत सोडायचं. मुलांची विचार करायची ताकद कोणत्या वयात कशी वाढते, एकाच वयाच्या दोन मुलांत फरक का पडतो, याचा अभ्यास त्या संस्थेत चाले. आतल्या खोलीत नेमकं काय करतात, हे मावशींनी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. दार लागलं की लागलं, तसा नियमच होता. मावशींची तक्रारही नव्हती. त्यांच्या मते पोरांची अक्कल बाहेर बाकावरच दिसते, आत फक्त ती कागदावर उतरवतात.

बाकावर भांडणं व्हायची ती पाण्यावरून. संस्थेनं कधीकाळी आणलेले पेले फुटत फुटत सात उरले होते, काही उंच, काही बसके. एकाच्या हाती उंच पेला आला की शेजारचं भोकाड पसरी, "त्याला जास्त दिलं!"

यावर मावशींचा तोडगा ठरलेला. "रडू नको, इकडे बघ." त्या बसक्या पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतत, पुन्हा बसक्यात. "वाढलं का? आटलं का? मग भांडतोस कशाला, शहाण्या?" एखादं पोर बघत राही आणि एकदम हसे. दुसऱ्याला चारदा दाखवलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. मावशी चिडत नसत. त्यांचा स्वतःचा धाकटा तिसरीपर्यंत डाव्या पायात उजवा बूट घालून शाळेत जाई, आणि आता तोच विमानाची इंजिनं दुरुस्त करतो.

आत चाचण्या घेणाऱ्या ताई मावशींच्या लेकीच्या वयाच्या. संस्थेच्या साहेबांशी भांडून मावशींची नोकरी कायम केली ती त्यांनीच. दोन वर्षांत तीनशे मुलं तपासल्यावर ताईंच्या हाती मोठीच गोष्ट लागली होती. एक समज इतर ठिकाणच्या मुलांना ज्या वयात येते, त्याच्या वर्षभर आधी ती इथल्या मुलांना येत होती. सोमवारी मोठ्या सभेत ताई हे वाचून दाखवणार होत्या. साहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

गुरुवारी पाच वर्षांचा एक मुलगा आला. पाणी पिऊन झालं, हाक आली, पण तो काही मावशींचं बोट सोडेना. शेवटी ताई म्हणाल्या, "मावशी, आज तुम्ही दाराशी उभ्या राहा. बोलू मात्र नका."

आत टेबलावर काचेचे दोन पेले होते, सारखेच, सारखंच पाणी भरलेले. ताईंनी त्यातला एक उचलला आणि त्यातलं पाणी एका उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं. "आता सांग, कशात जास्त आहे?"

मुलानं पेल्यांकडे पाहिलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं. "सारखंच," तो म्हणाला. ताईंनी कागदावर 'बरोबर'ची खूण केली, आणि इकडे दाराशी मावशींना आपले बाकावरचे पेले आठवले.

शुक्रवारभर त्या मिठाची गुळणी धरून बसल्या. बोलावं तर ताईंची दोन वर्षं मातीत जाणार, वर आपली नोकरी. न बोलावं तर ही गुणी पोर भरसभेत उभी राहून खोटं सांगणार, आणि तेही खरं समजून. या दुसऱ्या विचारानं त्यांना घास गिळवेना.

शनिवारी मुलं नव्हती. मावशींनी ताईंना बाकावर बसवलं, पेले आणले आणि काही न बोलता पाणी ओतून दाखवलं. बसक्यातून उंच, उंचातून बसक्यात.

ताईंचा चेहरा पांढरा पडला. "सगळ्यांना?"

"जे भांडले त्यांना. आणि ते बघत बसलेल्यांनाही."

"दोन वर्षं, मावशी! दोन वर्षं!"

"मला काढून टाका, ताई. मी साहेबांना स्वतः सांगते."

"तुम्हाला काढून मुलं पुन्हा अजाण होणार आहेत का?" ताई ओरडल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं. मावशींचा हात त्यांच्या पाठीकडे गेला, पण ठेवायचा धीर झाला नाही.

बऱ्याच वेळानं ताईंनी नाक पुसलं. "तुम्ही रजेवर कधी होता?"

"लेकीच्या बाळंतपणाला. दोन महिने."

ताईंनी त्या दोन महिन्यांचे कागद वेगळे काढले. तेवीस मुलं. इतर ठिकाणच्या मुलांसारखीच होती, ना पुढे ना मागे. मग त्यांनी लाल पेन घेतलं आणि बाकीच्या कागदांवर फुल्या मारायला सुरुवात केली. मावशी एकेक कागद पुढे सरकवत होत्या. प्रत्येक मूल त्यांना आठवत होतं. हिला चटकन समजलं होतं. हा समजूनही उंच पेलाच मागत होता, नुसता हट्ट. गुरुवारच्या मुलाचा कागद आला तशा त्या थांबल्या.

"याला काहीच कळलं नव्हतं, ताई."

"कळलं नव्हतं? मी विचारलं तेव्हा 'सारखंच' म्हणाला की!"

"म्हणाला खरा. पण बाहेर आल्यावर मी त्याच्यादेखत सारखंच पाणी ओतून दोन पेले पुढे केले, तर झडप घालून उंच पेला उचलला. म्हणाला, यात जास्त आहे."

"मग आत तसं का म्हणाला?"

"मी दाराशी उभी होते ना. सकाळी तीनदा ओतून दाखवलं होतं मी त्याला." मावशींचा आवाज बारीक झाला. "मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला."

ताईंनी त्यावरही फुली मारली, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश. तो आला तिथपासून."