पाचवी पेनल्टी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, आईसमोर तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काय, कंटाळा आलाय. स्वतःचाच.

मी नोएडात मुलींना फुटबॉल शिकवते. दर शिबिराच्या पहिल्या दिवशी अकॅडमीचे मॅनेजर माइक हातात घेऊन माझं कौतुक करतात — दिल्लीच्या संघातून खेळलेली, जिद्दी, वगैरे. पालक टाळ्या वाजवतात. मग पुष्पगुच्छ, आणि मग 'मॅम, दो शब्द'. मी वीस मिनिटं बोलते. शिस्तीवर. शिस्तीवर बोलायला माझ्याइतकी नालायक बाई अख्ख्या एनसीआरमध्ये सापडायची नाही, पण बोलते.

त्या भाषणात एक हट्टी मुलगी असते. सरांचं न ऐकता पेनल्टी मारायला गेली, चुकली, संघ हरला. नाव मी घेत नाही. मोठेपणा बघा माझा.

तिचं नाव सुषमा. पहाडगंजात आम्ही एकाच गल्लीत राहायचो. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. क्लबात मराठी आम्ही दोघीच, त्यामुळे मैदानात मोठी सोय होती — 'डावीकडे सोड', 'हिला आत येऊ दे' असं खुशाल ओरडायचं, समोरच्यांना काही कळायचं नाही. आमच्या सरांनाही नाही. ते हसून म्हणायचे, तुम दोनों का अपना वायरलेस है.

त्या वायरलेसचा मी काय उपयोग केला, ते ऐका.

शहरातल्या लीगचा अंतिम सामना होता. बरोबरी झाली, मग पेनल्ट्या. राज्याच्या संघाची निवड करणारे दोघे समोरच खुर्च्या टाकून बसलेले. सरांनी पाच नावं ठरवून दिली होती, पाचवं माझं. ते बाहेर रेषेपाशी, आम्ही मुली मैदानाच्या मधोमध ओळीनं उभ्या. चौघींच्या मारून झाल्या. आता माझा चेंडू जाळ्यात गेला तरच आम्ही टिकणार. माझे पाय कापत होते का? नाही. तेवढं तरी असतं तर बरं होतं. पाय ठणठणीत होते. मी फक्त त्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि मनात आलं — चुकले, तर यादीतून गेले. शेजारच्या सुषमाला मी मराठीत म्हटलं, "सरांनी तुला जायला सांगितलंय. जा."

ती गेली. एक शब्द विचारला नाही. ताई सांगतेय म्हणजे सरांनीच सांगितलं असणार ना? चेंडू बारवरून गेला.

सर धावत आले. तुझे किसने भेजा, म्हणून तिच्यावर ओरडले. तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी — ती तोंड उघडायच्या आत मी — हिंदीत, सगळ्यांना कळेल अशा स्वच्छ हिंदीत म्हणाले, "सर, मैंने रोका था. मानी ही नहीं."

ती काही बोलली नाही. का नाही बोलली? या प्रश्नानं माझं डोकं खाल्लंय. चार शिव्या घातल्या असत्या तर मी तेव्हाच सुटले असते — बघा, यातही मी तिलाच दोष देतेय. यादीत माझं नाव आलं, तिचं नाही. पुढे सरांनी तिला बाकावरच बसवलं, आणि वर्षभरात तिनं बूट कुणाला तरी देऊन टाकले. माझी खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी, प्रशिक्षकाचं लायसन्स, सगळं त्या यादीच्या मागून आलं.

यंदा सुषमा मुलीला घेऊन माझ्याकडे आली. आता इथंच, दोन सेक्टर पलीकडे राहते. जुनं काही काढलं नाही. उलट डब्यात थालीपीठं आणली होती. मुलगी ईरा, अकरा वर्षांची, पाय थेट आईचा.

शिबिराच्या पहिल्या दिवशी मी सवयीनं तेच भाषण ठोकलं. सुषमा नव्हती, ईरा होती. नंतर चेंडू गोळा करताना तिनं हळूच विचारलं, "मॅम, वो लड़की मम्मी थी ना? नानी ने बताया था, उनसे पेनल्टी मिस हुई थी. मम्मी ने सच में ज़िद की थी?"

एक 'नाही' पुरलं असतं. समोर अकरा वर्षांची पोर, आजूबाजूला कुणी नाही, सर नाहीत, खुर्च्या नाहीत. मी म्हटलं, "हाँ. चलो, लाइन में लगो."

तेव्हापासून पेनल्टीची रांग लावली की ईरा मागे मागे सरकते, मागच्या मुलींना पुढे सोडते. मी तिच्यावर ओरडते — हो, मीच ओरडते. परवा सुषमा गेटपाशी थांबली होती. म्हणाली, "ताई, ही पेनल्टीला फार घाबरते गं. माझ्यावर गेली असेल. तू सांग ना काहीतरी, तुझं ऐकते ती."

मी म्हटलं, "बघते."