डावा अंगठा आणि कपाटाची काच

चुळबुळेंना गप्प बसलेलं आमच्या गल्लीत कुणीच पाहिलेलं नाही. खरं नाव सलूनच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचतो कोण. खुर्चीत गिऱ्हाईक नसलं तरी त्यांची कात्री हवेत कचकच चालूच. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणतात, "हे झोपेतसुद्धा उशीची हजामत करतात."

अशा माणसाच्या वाट्याला दुखणं आलं तेही थांबायला लावणारं. दुकानातला मोठा आरसा भिंतीवर नीट बसलेला होता, आणि नीट बसलेल्या वस्तूचा चुळबुळेंना त्रास होतो. तो जरा डावीकडे घ्यावा असं मनात आलं. मेव्हणा कोपऱ्यावर चहा प्यायला गेला होता, तो येईपर्यंत धीर कुठला धरवणार. आरसा सुटला, फुटला, आणि एक तुकडा जाताजाता त्यांच्या डाव्या मनगटात खोल उतरला.

जखम भरली, बोटं वाकायलाही लागली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर ती बधिरच. मनगटातून बोटांकडे जाणारी संवेदनेची नस तुटली होती, आणि तिचा मधला भाग इतका चेंदामेंदा झाला होता की टोकाला टोक पोचेना.

"डावाच हात ना? उजवा शाबूत आहे की," असं गल्ली म्हणाली. गल्लीला काय जातंय बोलायला. वस्तरा असतो उजव्या हातात, पण दाढी होते डाव्या हाताने. डावा अंगठा गाल ताणून धरतो, बोटं उलटी फिरून राहिलेला खुंट शोधतात. आमच्या निवृत्त मास्तरांच्या हनुवटीखाली साबणाच्या फेसात बुडून जाणारा एक मस आहे. त्याला वळसा घालायचा तो याच बोटांच्या सांगण्यावरून.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पोटावरची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, एका बारीक नळीत भरायच्या आणि ती नळी नसेच्या दोन टोकांमध्ये बसवायची. "नस आपली आपण वाढते. या पेशी तिची बडदास्त ठेवतील, तिला वाट धरून ठेवायला मदत करतील, अशी आशा आहे. पण हा प्रयोग आहे. काहींना गुण आलाय, काहींना नाही. खात्री मी देणार नाही."

"चरबीची काळजी करू नका, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "मन मानेल तेवढी घ्या."

चुळबुळेंना एकच विचारायचं होतं. "किती दिवस लागतील?"

"नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकते."

"म्हणजे दाढीपेक्षा जोरात."

"जोरात. पण दाढी दिसते, ही दिसत नाही."

नेमकी तिथेच सगळी पंचाईत होती. शस्त्रक्रिया पार पडली, आणि चुळबुळे दिवसभर स्वतःच्या तळहाताकडे टक लावून बसायला लागले. उन्हात धरून बघ, टिचक्या मारून बघ, टूथब्रश घासून बघ. बोटं म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी, आपल्याकडे सांभाळायला ठेवलेली.

दुकान मेव्हणा चालवत होता. आतापर्यंत त्याच्याकडे पोरांची डोकी आणि वस्तऱ्याला धार लावणं एवढंच असायचं. आता तो मोठ्या खुर्चीमागे, आणि मालक गिऱ्हाइकांच्या बाकावर, उजव्या हाताने हवेत कात्री चालवत.

"भावोजी, गिऱ्हाईक दचकतं हो."

"मी काय त्याला कापतोय?"

"दोन्हीकडून आवाज येतो. त्याला कळत नाही मान कुठे वळवायची."

मग एकदा मास्तर गालावरून हात फिरवत उठले आणि बाकाकडे बघून म्हणाले, "तुमच्या मेव्हण्याचा हात हलका आहे बरं का." मस शाबूत होता. चुळबुळेंच्या हातातली कात्री थांबली. इतक्या महिन्यांत त्यांच्या बोटांना काही लागलं नव्हतं, हे मात्र कुठेतरी आत लागलं.

डॉक्टरांची अट साधी होती. बोटांना कळायला लागेपर्यंत वस्तरा धरायचा नाही. ते कळतंय की नाही हे बघायला महिन्याला तपासणी. टेबलावर मधोमध एक पुठ्ठा उभा, त्याच्या भोकातून हात पलीकडे सरकवायचा. पलीकडे बसलेली तपासनीस ताई नायलॉनचा तंतू कधी या बोटाला, कधी त्या बोटाला टेकवणार, आणि आपण न बघता कुठलं बोट ते सांगायचं.

फसवायचं असं काही चुळबुळेंनी ठरवलेलं नव्हतं. पण सगळं आयुष्य माणसांची डोकी मागून आणि चेहरे आरशातून बघण्यात गेलेलं, त्यामुळे समोर काच आली की नजर तिच्यात गेलीच. ताईच्या पाठीमागे काचेच्या दारांचं कपाट होतं. त्या काचेत पुठ्ठ्यापलीकडचा हात दिसत होता, आणि उजव्याचं डावं झालं तरी गडबडणाऱ्यांतले ते नव्हेत.

"मधलं बोट," ते बोलून गेले.

"बरोबर, काका."

हा शब्द त्यांनी किती महिन्यांत ऐकला नव्हता. तो परत ऐकावासा वाटला. पुढच्या तपासण्यांना तर अधूनमधून मुद्दाम चुकण्यापर्यंत त्यांची मजल गेली. सगळी उत्तरं बरोबर देणारं पोर मास्तरांच्या डोळ्यांवर येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर खूश झाले. "पुढच्या वेळी असंच आलं तर धरा वस्तरा. आणि तुमचे निकाल आम्ही पुढच्या पेशंटना दाखवणार."

घरी आल्यापासून चुळबुळेंना अन्न गोड लागेना. खुर्ची परत मिळणार होती, पण डोळे मिटले की मास्तरांचा मस पुढे यायचा. मेव्हण्याला सांगून टाकावं का? नको. कदाचित तपासणीच्या आधी बोटं खरंच जागी होतील. मग कुणाला काय कळणार आहे. असं मनात घोळवत ते स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते, आणि त्या नादात गॅसवरच्या किटलीला डावा हात टेकवून उभे राहिले.

"अहो, हात."

त्यांनी खाली बघितलं. बोटाला फोड आला होता.

"कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं. जरा उशिरा."

वहिनींनी मलम लावलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. वहिनी बोलत नाहीत तेव्हा गल्ली खिडक्या लावून घेते.

तपासणीला त्या बरोबर गेल्या. बाजूच्या खुर्चीवर बसून त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला. त्या दुकानात डबा घेऊन गेल्या की हे महाशय मागे वळत नाहीत, आरशातूनच बोलतात. आत्ता त्यांची नजर तशीच होती, समोर असून भलतीकडे. वहिनी उठल्या, ताईच्या मागे गेल्या आणि आपली फुलाफुलांची शाल पसरून कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"बसा ना, काकू."

"नको गं. बसून कंबर धरलीय."

काच गेली. राहिली फक्त फुलं.

"सांगा, काका."

"लावलंत?"

"ते तुम्ही सांगायचं."

चुळबुळेंनी बायकोकडे बघितलं. ठोकून द्यायला हरकत नव्हती, काही उत्तरं नशिबाने बरोबरही आली असती. त्यांचा उजवा हात खिशात गेला आणि खिशातून कचकच ऐकू यायला लागली.

"नाही कळत," ते म्हणाले.

"हे?"

"नाही."

ताई थांबली. "काका, गेल्या वेळी तर तुम्ही..."

"गेल्या वेळी मी कपाटात बघत होतो. त्याच्या आधीच्या वेळीही."

ताईने मागे वळून शालीकडे बघितलं, मग हातातल्या तंतूकडे. "या निकालांवर विसंबून उद्या दुसऱ्या कुणी पोटावर सुरी चालवून घेतली असती, काका."

खिशातली कचकच वाढली. वहिनी कपाटापासून न हलता म्हणाल्या, "कात्री द्या इकडे." त्यांनी निमूट दिली.

"आधीचं सगळं खोडते," ताई म्हणाली. "आता पहिल्यापासून. जाड तंतू घेते."

नाही. नाही. नाही. ताई सगळ्या बोटांवर फिरून आली. रिकाम्या उजव्या हाताचं काय करावं हे चुळबुळेंना सुचेना, शेवटी तो त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला. आणि मग कुठूनतरी ओल्या पायांची मुंगी चालून गेल्यासारखं झालं.

"थांबा. अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी."

ताईने तंतू उचलला. पुन्हा टेकवलं.

"तिथेच. अंगठा."

"मी मधल्या बोटाच्या बुडाशी लावतेय."

"म्हणजे चुकलं."

"चुकलं. पण काच झाकलेली असताना चुकलं." ताईचा राग अजून गेला नव्हता, तरी आवाज बदलला. "नस तिथवर आलीय, तिचा पत्ता तेवढा चुकतोय. ते सरावाने शिकवता येतं. ती पेशींमुळे आली की एरवीही आली असती, ते इतक्यात कुणी सांगू शकणार नाही. वस्तरा मात्र इतक्यात नाही."

परत येताना चुळबुळे रस्ताभर मनगटावर टिचक्या मारत होते. घरी न जाता ते थेट दुकानात शिरले आणि मोठ्या खुर्चीत बसले. मेव्हण्याने हातातला वस्तरा खाली ठेवला.

"उद्यापासून तुम्ही का, भावोजी?"

"नाही. अजून बरेच महिने तूच. कर माझी दाढी, बघू तरी हात किती हलका आहे."

मेव्हण्याने साबण लावला. "हलू नका. काही झालं तर माझी बहीणच मला घरात घेणार नाही."

हलू नका म्हणणं सोपं आहे. चुळबुळेंचे पाय खाली ताल धरत होते, मान वाद्याच्या तारेसारखी ताणलेली होती. दाढी झाली. सवयीने डावा अंगठा जबड्याच्या कडेवरून उलटा फिरला आणि एका जागी थबकला.

"इथे राहिलंय."

मेव्हण्याने वाकून बघितलं. खरंच राहिलं होतं. "हे बोटाला कळलं का गालाला?"

'बोटाला' हा शब्द चुळबुळेंच्या ओठांवर अगदी तयार होता. पण नव्या आरशात, दारापाशी, शाल पांघरलेली बायको दिसली. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा पुन्हा फिरवला. मग आणखी एकदा.

"माहीत नाही," ते म्हणाले. "साबण लाव. परत बघू."