मुक्ताच्या वाटणीची आमटी

देवदत्त शेलार फौजेत स्वयंपाकी होता. चोवीस वर्षं निरनिराळ्या छावण्यांतल्या मेसमध्ये त्यानं कढया ढवळल्या. शेवटची बदली लखनऊ छावणीत झाली आणि निवृत्त झाल्यावर तो तिथंच राहिला. मूळ गाव वाईकडचं, पण आई-वडील गेल्यावर गावाकडे ओढ लावणारं कुणी उरलं नव्हतं. आलमबागेत दोन खोल्या बांधल्या, अंगणात कढीपत्ता लावला आणि बायको गीता व मुलगी मुक्ता यांच्यासह संसार थाटला.

लखनऊतली मराठी घरं एकमेकांना धरून असत. कुणी बँकेत, कुणी संशोधन संस्थेत. मुंज असो की बारसं, पुरणपोळी घरच्यासारखी हवी असेल तर देवदत्तला निरोप जाई. तो नुसता रांधून मोकळा होत नसे, पंगतीत स्वतः वाढायलाही उतरे. "माझ्या पंगतीत कुणी मागितलं आणि मी संपलं म्हणालो, असं झालेलं नाही," असं तो सांगे, आणि ते खरंही होतं.

पंचाण्णव सालच्या दिवाळीनंतर मुक्ता सातव्या महिन्यात माहेरी आली. जावई सुधीर कानपूरला नोकरीला होता. देवदत्तनं डोहाळजेवणाचा रविवार ठरवला. गीताच्या वेळी तो सीमेवर होता. तिचं डोहाळजेवण झालं की नाही, हेही त्याला कधी नीट कळलं नव्हतं. लेकीचं मात्र तो स्वतःच्या हातानं करणार होता.

"काय काय करू तुझ्यासाठी?" त्यानं विचारलं.

मुक्ताला मराठी सगळं समजे, पण तोंडात हिंदीच येई. "बाबा, मुझे बस कटाची आमटी चाहिए. खूब पतली, खट्टी. और गरम भात."

"एवढंच?"

"हाँ. कितने दिनों से मन हो रहा है."

दोनच दिवसांनी मालिनीबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. सून सानिकाचं डोहाळजेवण पुढल्या महिन्यात ठरलं होतं, पण तिचे आईवडील नागपूरहून याच आठवड्यात येणार होते.

"देवदत्तभाऊ, याच रविवारी जमवा. साठ पानं होतील. तुमच्याशिवाय कुणावर टाकू?"

"जमवू की बाई," देवदत्त उभ्या उभ्या म्हणाला. आत विचारायलाही गेला नाही.

त्या गेल्यावर गीता बाहेर आली. "रविवार मुक्ताचा होता."

"घरचंच आहे ना? पुढच्या रविवारी करू."

"तुमचं घरचं नेहमी पुढच्याच रविवारी असतं."

तो ओशाळला. मुक्तानंच मध्ये पडून विषय मिटवला. "जाने दो ना आई. अगले संडे सही. बाबा, वहाँ की आमटी मेरे लिए ले आना."

"पहिली तुझी काढून ठेवीन, मग पंगत बसवीन," देवदत्त म्हणाला. "तू भात लावून ठेव. दोनपर्यंत येतो."

रविवारी पहाटे तो मालिनीबाईंच्या बंगल्यावर पोचला. अळूची पानं त्यानं आदल्या दिवशीच 'घुइयाँ के पत्ते' म्हणून मंडईतून निवडून आणली होती. पुरण शिजलं, मसालेभाताला वाफ आली, पंचामृताला गुळाचा रंग चढला. आमटी उकळली तशी त्यानं बोलल्याप्रमाणे पहिले चार डाव घरून आणलेल्या पितळी डब्यात घातले, झाकण घट्ट दाबलं आणि डबा खिडकीत ठेवला.

बाहेर झोपाळ्याला शेवंतीच्या माळा सोडल्या होत्या. हिरव्या साडीतली सानिका फुलांचे दागिने घालून बसली होती आणि बायका ओटी भरत होत्या. पहिली पंगत मराठी मंडळींची होती, ती हिशेबात जेवली. दुसऱ्या पंगतीला बँकेतली लखनवी मंडळी बसली. त्यांना आमटीची भलतीच गोडी लागली. "भाई, ये दाल क्या चीज़ है!" म्हणत त्यांनी वाट्याच्या वाट्या तोंडाला लावल्या. देवदत्तच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आग्रह करकरून तो वाढत राहिला.

तिसऱ्या पंगतीच्या मध्यावर पातेलं खरवडायची वेळ आली. तेवढ्यात मालिनीबाई स्वयंपाकघरात आल्या. "भाऊ, सानिकाची आई आमटी मागतेय. आणि मोठ्या साहेबांच्या मिसेसही. आहे ना?"

'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. मालिनीबाईंनीही वाईट मानलं नसतं. पानात इतर दहा पदार्थ होते. पण देवदत्तच्या तोंडून तो शब्द निघेना. "आहे की," तो म्हणाला, आणि त्यानं खिडकीतला डबा उघडून आमटी पातेल्यात ओतली. रिकामा डबा सवयीनं विसळून, पुसून पिशवीत टाकला.

निघायला चार वाजले. टेंपोत बसल्यावर त्याला आठवलं, की मुक्ता भात लावून बसली असेल.

ती दाराशीच खुर्ची टाकून बसली होती. गीता म्हणाली, "जेव म्हटलं तर ऐकत नाही. बाबा आणतील, म्हणते."

देवदत्तनं पिशवी खाली ठेवली. "सांडली गं," तो म्हणाला. "टेंपोनं असा दणका दिला, की झाकणच उडालं."

"आपका पैर तो नहीं जला?" मुक्ता पटकन वाकायला गेली. पोटामुळे तिला वाकता येईना, तरी तिनं त्याचा पाय उजेडाकडे वळवून पाहिला. मग पिशवी उचलून ती आत गेली आणि तिनं दही घालून तो गार भात खाल्ला.

"उद्या करतो तुझ्यासाठी," तो म्हणाला. पण सोमवारी त्याची कंबर धरली. मंगळवारी दुपारी मुक्ताच्या पोटात दुखू लागलं आणि रात्र व्हायच्या आत ती बाळंत झाली. मुलगी झाली, जेमतेम दीड किलोची. पुढचे वीस दिवस सगळ्यांनी इस्पितळाच्या काचेबाहेर काढले. पोर जगली, अंगानं भरली. तिचं नाव शर्वरी ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, असं कधी कधी होतं, कुणाचा दोष नसतो. देवदत्तनं ते ऐकून घेतलं.

पुढचा रविवार कधी आलाच नाही. मूल झाल्यावर डोहाळजेवण कसलं करायचं? बाळंतिणीला आंबट-तिखट वर्ज्य होतं. तीन महिन्यांनी त्यानं मुद्दाम पुरण घातलं, पातळसर आंबट आमटी केली. मुक्तानं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "अच्छी है, बाबा. पर अब वैसा मन नहीं होता."

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये सुधीरची बदली रांचीला झाली. निघण्याआधी मुक्ता दोन दिवस आलमबागेत राहिली. ती शर्वरीचे कपडे बॅगेत भरत होती, तेव्हा देवदत्त तिच्याजवळ जाऊन बसला. दीड वर्ष छातीवर ठेवलेलं त्याला आता पेलत नव्हतं.

"मुक्ते, त्या दिवशी आमटी सांडली नव्हती. मी वाढून टाकली."

मुक्ताचे हात थांबले नाहीत. "पता है, बाबा."

"आईनं सांगितलं?"

"आईला काय माहीत?" ती पहिल्यांदाच मराठीत बोलली. "डबा मीच उघडला होता. धुऊन पुसलेला होता. सांडलेला डबा असा असतो का?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस? भांडायचंस तरी."

"तुम्ही दमून आला होतात." तिनं एक झबलं घडी करून आत ठेवलं. "और तब तो मुझे आपके पैर की ही फ़िक्र थी."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रागावली नव्हती. शर्वरी रडायला लागली तशी ती उठून तिच्याकडे गेली.

त्यानंतर मुक्ता दर वर्षी उन्हाळ्यात माहेरी येई. देवदत्तनं रविवारची कामं घेणं सोडलं होतं. ती यायच्या आठ दिवस आधीपासून तो बाजार करी; जुन्या चौक बाजारातून खवा, मलीहाबादचे आंबे, कुणाकरवी पुण्याहून आमसुलं. ती आली की तो विचारी, "काय करू आज? सांग ना, काय खावंसं वाटतंय?"

"कुछ भी बना लो, बाबा," मुक्ता म्हणे. जे पानात पडेल ते ती गोड मानून खाई आणि ताट उचलून मोरीत ठेवी.