बर्फाचा राखणदार

मालवण बंदरावर बर्फाची लादी क्रशरमध्ये पडली की जो आवाज यायचा, तो मी पहिल्यांदा लहानपणी वडिलांचं बोट धरून ऐकला. पुढे त्याच आवाजात आयुष्य गेलं. भुशाखाली रचून ठेवलेल्या लाद्या एकमेकींना चिकटतात. एक ओढावी तर दुसरी सोबत येते. आमच्या अस्वलवारीच्या किश्शांचंही तसंच झालंय. एक सांगायला बसतो आणि संध्याकाळ जाते.

*

आमचा मुलगा विजू उत्तरेकडे, नॉर्वेच्याही वर जाणाऱ्या टुरिस्ट बोटीवर कुक आहे. फोन आला की आईला सांगणार, "आये, आज पांढरा अस्वल दिसला."

ती फोन ठेवून मला म्हणायची, "एकट्याक करमत नाय, म्हणान रचून सांगता."

एकदा फोन ठेवायच्या आधीच म्हणाली. विजूला लागलं. त्याने कंपनीच्या सवलतीत तीन जागा मिळवल्या. मी, त्याची आई आणि तिचा थोरला भाऊ आबा, असे आम्ही अस्वल बघायला निघालो.

बोटीवर पहिल्याच जेवणाला तिने पैज लावली. "अस्वल दिसला, तर मी परत 'घराक ये' म्हणूचंय नाय. नाय दिसला, तर तू बॅग भरून आमच्यावांगडा येतलंस."

विजूने हात पुढे केला. "चलात."

मी कोणाच्या बाजूचा, हे मला कुणी विचारलं नाही. बरं झालं.

*

त्याच जेवणात विजूने केलेला मासा आला. पांढरा, वाफवलेला, वर लिंबाची चकती. तिने एक घास खाल्ला आणि हळूच विचारलं, "बोटीर कोण आजारी आसा?"

"कोण नाय. कित्याक?"

"मगे ह्या कोणासाठी केलंस?"

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून सोलं, तिरफळं आणि घरचा तिखट मसाला काढून त्याच्या हातात दिला. त्या रात्री शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईने तीनदा भात घेतला, डोळे पुसत पुसत.

*

तिथे सगळ्यांना जाडजूड जॅकेटं देतात. हिने पँट घातली, पण त्यावरून साडी नेसली आणि साडीवर जॅकेट चढवलं. डेकवर आली तेव्हा गाईड पोरगी बघतच राहिली. उंच, पिवळ्या केसांची, खांद्याला बंदूक, अस्वल अंगावर आलंच तर. आमची ही तिला मालवणीतच म्हणाली, "पेटीत सुरमई ठेवतत, तशी झालंय बघ मी."

पोरीला काय कळलं कोण जाणे, तिने हिचं जॅकेट गळ्यापर्यंत बंद करून दिलं.

इतक्यात समोरच्या हिमनदीचा कडा तुटून पाण्यात पडला. मोठा कडकडाट झाला. सगळे फोटोला धावले. मी म्हटलं, "क्रशर सुरू झालो."

आबा म्हणाला, "भाओजी, जलमभर बर्फ फोडल्यात. आता रजेवर इल्यात, तां बर्फच बघूक!"

*

मधेच संकष्टी आली. हिचा उपास. तिथे सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता आणि चंद्र कधी उगवेल असं विचारलं तर गाईड म्हणाली, इतक्यात नाहीच उगवणार.

विजू घाबरला. "आये, काय तरी खा."

"चंद्र बघल्याशिवाय?"

आबाने मालवणात शेजारच्या लताला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती आणि पाऊस. लता छत्री घेऊन अंगणात उभी राहिली. शेवटी ढगांना फट पडली आणि फोनवर साबुदाण्याएवढा चंद्र आला. हिने फोनलाच अक्षता वाहिल्या आणि पाण्याची वाटी उचलली.

"गो, सांबाळ," आबा म्हणाला. "फोनात पाणी गेला तर चंद्र बुडतलो."

*

अस्वल मात्र दिसेना. आबाने एकदा दाखवलं, ते खडकावरचं मळकं बर्फ निघालं. विजूचं तोंड उतरलं. आईने गाणं गुणगुणत त्याचे मोजे धुवायला काढले, बॅगेत भरायचे म्हणून.

आबा गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतो. तो देवाला साकडं घालतो आणि दर वाक्याला गाव "होय म्हाराजा" म्हणतो. त्याचा आवाज व्हाळाच्या पाण्यापलीकडे जातो. तो विजूला म्हणाला, "हयचो राखणदार देव कोण? कोणाच्या तरी हद्दीत आपण न विचारता इलंव."

"मामा, हयसर मानूसच नाय. राखणदार कसलो?"

"मानूस नाय, म्हणानच होयो."

तो डेकवर उभा राहिला, छाती भरून घेतली, तेवढ्यात गाईडने ओठांवर बोट ठेवलं. डेकवर मोठ्याने बोलायचं नाही. मग आबाने जन्मात पहिल्यांदा कुजबुजत गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्या बर्फाच्या धन्या, पोरांक एकदा दर्शन दी, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मी आणि विजू पुटपुटलो. बाजूच्या दोन गोऱ्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

हिने पदर तोंडात धरला होता. एकदाही 'होय' म्हणाली नाही.

*

शेवटच्या दिवशी विजूची बॅग भरून दाराशी उभी होती. बोट वळणार, इतक्यात गाईडने हाताने सगळ्यांना बोलावलं.

बर्फावरून ते येत होतं. गाईच्या तुपासारखं पिवळसर, सावकाश, आपल्या घरात चालावं तसं. जवळ येऊन थांबलं आणि नाक वर करून हुंगू लागलं.

विजू अस्वलाकडे बघतच नव्हता. आईकडे बघत होता.

ती कठड्यापाशी गेली. मग जॅकेटमधून पदर ओढून डोक्यावर घेतला, हात जोडले आणि कुजबुजली, "बा म्हाराजा, ह्यो माझो झील. हट्टी आसा, मासो बेचव करता, पन गुणाचो आसा. तुझ्या हद्दीत रवता. तेची राखण कर. आनि वर्साक एकदा तेका घराक धाड, रे म्हाराजा."

आबाने मला कोपर मारलं.

"होय म्हाराजा," मी म्हणालो. विजूने आईशेजारी हात जोडले.

अस्वलाने आमच्याकडे एकवार बघितलं, आणि काही न बोलता बर्फावरून निघून गेलं.